नव्या ४के टीव्हीवर साधं चॅनल धूसर का दिसतं? नेटिव्ह रिझोल्यूशन आणि अपस्केलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मोठा टीव्ही आला की आठवडाभरात फोन येतो: "अरे, एवढे पैसे घातले आणि मालिका पहिल्यापेक्षा खराब दिसतेय, सेट बिघडलेला तर नाही ना?" सेट बहुतेक वेळा चांगलाच असतो. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे टीव्ही आणि मॉनिटर लावून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधून तेवढंच वाचलं तरी चालेल.

नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणजे नेमकं काय?

रांगोळीसाठी भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आठवा. त्यावर १५ बाय १५ भोकं असतील तर जमिनीवर १५ बाय १५ ठिपकेच उमटणार. भोक सरकत नाही, वाढत नाही, कमी होत नाही. एलसीडी, एलईडी किंवा ओलेड पडदा असाच असतो. कारखान्यात त्यावर जितके पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, बसवले तितकेच ते कायम राहतात. ही मोजणी म्हणजे त्या पडद्याचं नेटिव्ह, म्हणजे मूळ रिझोल्यूशन.

फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. ४के टीव्हीवर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४००. सेटिंगमध्ये तुम्ही काहीही निवडा, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते फक्त पडद्याकडे येणारं चित्र.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला हा प्रश्नच नव्हता. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ आखत जायचा आणि तो ठरावीक चौकटींना बांधलेला नसायचा. आपल्याकडे ६२५ ओळींची पाल पद्धत होती, त्यातल्या ५७६ ओळी चित्रासाठी. झोताच्या कडा मुळातच थोड्या पसरट असल्याने ओळी एकमेकींत मिसळून जात आणि चित्र मऊ दिसे.

मग अपस्केलिंग म्हणजे काय? ते बंद करता येतं का?

१० बाय १० ठिपक्यांची रांगोळी १५ बाय १५च्या कागदावर पूर्ण भरून काढायची असेल तर मधल्या जागी कोणता रंग टाकायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवण्याचं काम म्हणजे अपस्केलिंग. लहान चित्राने पडदा पूर्ण भरायचा असेल तर ते होतंच. ते बंद करायचं तर चित्र पडद्याच्या मधोमध छोटं दिसेल आणि भोवती काळी चौकट राहील.

किती भर घालावी लागते ते बघा. फुल एचडी चित्र ४के पडद्यावर आलं की दर ४ पिक्सेलमधला १ खरा आणि ३ हिशेबाने काढलेले. साधं एसडी चॅनल ७२० बाय ५७६चं, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलचं असतं. ४के पडद्याचा आकडा त्याच्या बरोब्बर २० पट आहे. म्हणजे मालिकेतल्या सासूबाईंच्या चेहऱ्यावरच्या दर २० पिक्सेलपैकी १९ तुमच्या टीव्हीने स्वतः काढलेले असतात. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मला वाटलं, टीव्ही इतकंही बरं दाखवतो हेच विशेष.

तरी जुन्या टीव्हीवर तेच चॅनल चांगलं दिसायचं. ते का?

तुमचे डोळे फसलेले नाहीत. पण यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली, आकार. २१ इंची टीव्हीवर जे चित्र होतं तेच आता ५५ इंचांवर ताणलं गेलंय, आणि सोफा मात्र जिथे होता तिथेच आहे. दुसरी, पिक्चर ट्यूबचा तो मऊपणा. चित्रातली उणीव तो झाकून टाकायचा. नवा पॅनल प्रत्येक पिक्सेल काटेकोर चौकोनात दाखवतो, त्यामुळे दोष उठून दिसतात.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही: कॉम्प्रेशन. उपग्रहाच्या एका प्रक्षेपण पट्ट्याच्या जागेत अनेक चॅनलं बसवायची तर प्रत्येकाचा डेटा दाबावा लागतो. दाबताना चित्राचे छोटे चौकोनी तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील गाळतात. क्रिकेटमधलं गवत, पावसाचं दृश्य, कीर्तनातली टाळकऱ्यांची गर्दी अशा ठिकाणी हे तुकडे वेगवेगळे दिसू लागतात. अपस्केलर बिचारा चेहऱ्यासोबत हे तुकडेही तितक्याच निष्ठेने मोठे करतो.

उपाय म्हणून आधी टीव्हीतला शार्पनेस कमी करा. शार्पनेस तपशील आणत नाही, तो फक्त कडा गडद करतो, आणि एसडी चॅनलवर त्या कडा म्हणजे बहुतेकदा कॉम्प्रेशनचे चौकोनच असतात. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोड सोडून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. नॉइज रिडक्शन एसडी चॅनलसाठी मध्यम ठेवा. जे चॅनल रोज बघता त्याचं एचडी रूप पॅकमध्ये असेल तर ते घ्या. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी सगळ्या सेटिंगांनी मिळून पडत नाही.

सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट ५७६ ठेवू, ७२० की १०८०?

हे आकडे म्हणजे चित्रातल्या ओळी. हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे, कारण अपस्केलिंग नक्की कोणी करायचं हे त्यावर ठरतं. बॉक्सचं आउटपुट १०८०वर असेल तर एसडी चॅनल बॉक्स मोठं करतो आणि टीव्ही ते पुन्हा ४के करतो. दोन हात लागतात, आणि पहिल्या हाताने केलेली चूक दुसरा हात खरी समजून पुढे नेतो. काही बॉक्समध्ये 'नेटिव्ह' पर्याय असतो. त्यात चॅनल जसं येतं तसंच टीव्हीकडे जातं आणि मोठं करण्याचं काम एकदाच होतं. सहसा टीव्हीतली चिप बॉक्सच्या चिपपेक्षा सरस असते, म्हणून असा पर्याय असेल तर तो लावून बघा. गैरसोय एकच: चॅनल बदलताना पडदा क्षणभर काळा होतो. वृत्तवाहिन्या सतत चाळणाऱ्यांना ते सोसवत नाही.

पर्याय नसेल आणि तुम्ही बहुतेक एचडी बघत असाल तर १०८०आय ठेवा, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी पाठवणारं १०८०. आपल्याकडची एचडी चॅनलं बहुतांशी त्याच रूपात येतात.

माझ्या ३२ इंची टीव्हीवर १३६६ बाय ७६८ लिहिलंय. हा विचित्र आकडा कुठून आला?

जुन्या चौकोनी मॉनिटरांवर १०२४ बाय ७६८ हे माप सर्रास असे. त्याच ७६८ ओळी ठेवून पडदा १६:९ रुंद केला की रुंदी १३६५.३३ येते, तिचे झाले १३६६. गंमत अशी की ७६८ ओळींचं एकही चॅनल नसतं. ७२०चं चित्र किंचित वाढवावं लागतं, १०८०चं कमी करावं लागतं. म्हणजे या टीव्हीवर टीव्हीचं कोणतंच चित्र जसंच्या तसं पोचत नाही. फक्त कॉम्प्युटर जोडून रिझोल्यूशन नेमकं १३६६ बाय ७६८ ठेवलं तर पिक्सेलला पिक्सेल जुळतो.

मॉनिटरवर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन कमी केलं, तर सगळं धूसर झालं. असं का?

कारण तुम्ही अक्षरं मोठी केली नाहीत, चित्र लहान करून पुन्हा ताणलंत. ऑफिसात, बँकेत, सायबर कॅफेत ही चूक मी सतत बघतो आणि वाईट वाटतं, कारण वयस्क माणसं तासन्तास तो धूसर पडदा वाचत बसतात.

समजा मॉनिटर २५६० बाय १४४०चा आहे आणि तुम्ही १९२० बाय १०८० निवडलं. आता चित्रातले ३ पिक्सेल पडद्यावरच्या ४ पिक्सेलमध्ये वाटायचे आहेत. देवनागरीची शिरोरेघ चित्रात १ पिक्सेल जाड असेल तर पडद्यावर ती १.३३ पिक्सेल जाड हवी. पाव-तृतीयांश पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून एक ओळ काळी आणि शेजारची करडी होते. पुढच्या ओळीत हे प्रमाण आणखी वेगळं. शिरोरेघ कुठे ठसठशीत, कुठे पुसट दिसते, अनुस्वाराचा ठिपका विरघळतो, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. रोमन लिपीला हा त्रास होतोच, पण आपल्या लिपीत ओळीच्या वर आणि खाली इतकं काही घडत असतं की तिला तो जास्त जाचतो.

योग्य मार्ग असा: रिझोल्यूशन नेहमी नेटिव्हच ठेवा. विंडोजमध्ये त्याच्यासमोर 'रेकमेंडेड' असं लिहिलेलं असतं. मग त्याच पानावर 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. रिझोल्यूशन कमी केलं की तयार चित्र ताणलं जातं. स्केल वाढवलं की कॉम्प्युटर फॉन्टच्या मूळ वळणांवरून मोठं अक्षर नव्याने रेखतो आणि सगळे पिक्सेल वापरतो. दोन्हींत अक्षराचा आकार सारखाच वाढतो, स्पष्टता मात्र आकाशपाताळ वेगळी.

स्केल वाढवलं, पण एकच जुना प्रोग्रॅम धूसर दिसतो.

तो प्रोग्रॅम नव्या पडद्यांच्या आधीचा असतो. त्याला स्वतःला मोठं रेखता येत नाही, म्हणून विंडोज त्याचं तयार चित्र घेऊन ताणतं. हिशेबाचे आणि टायपिंगचे जुने प्रोग्रॅम हमखास असे वागतात. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' टॅबवर हाय डीपीआयची सेटिंग आहे, ती बदलून बघा.

अपस्केलिंग आतून कसं चालतं?

सर्वात सोपी रीत म्हणजे शेजारच्या पिक्सेलची नक्कल. नव्या जागी सर्वात जवळचा जुना रंग जसाच्या तसा ठेवायचा. पट पूर्णांकात असेल तर हे उत्तम चालतं. १०८०चं चित्र २१६०वर नेताना प्रत्येक पिक्सेलचा २ बाय २चा चौकोन होतो आणि काहीच बिघडत नाही. ७२०चं २१६० करताना ३ बाय ३. जुने पिक्सेलवाले गेम खेळणाऱ्यांना हीच रीत हवी असते, आणि २०१९ साली इंटेल व एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या दोघांनीही आपल्या ड्रायव्हरमध्ये तिची सोय केली. फोटोवर मात्र हीच रीत तिरक्या रेषांच्या पायऱ्या करते.

दुसरी रीत बायलिनिअर. नव्या पिक्सेलभोवतीचे ४ जुने पिक्सेल घ्यायचे आणि अंतराच्या प्रमाणात रंग मिसळायचे. पायऱ्या जातात, पण सगळ्यावर दुलई पांघरल्यासारखं होतं.

बायक्यूबिक त्याहून हुशार. ती १६ शेजाऱ्यांकडे बघते आणि रंग कोणत्या दिशेने चढतो-उतरतो त्याचं वळणही हिशेबात घेते. आज वापरात असलेलं तिचं रूप रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडलं. हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लँक्झोस यांच्या नावाची रीत आणखी पुढे जाते. तिच्या नेहमीच्या रूपात ३६ शेजारी विचारात घेतले जातात. कडा छान टोकदार येतात, पण त्यांच्या बाजूला एक फिकट झालर उमटते. निळ्या आभाळासमोरच्या देवळाच्या कळसाभोवती उजेडाची रेघ दिसली तर समजा, ही झालर आहे.

या सगळ्या रीतींचं एक मला आवडतं. त्या प्रामाणिक आहेत. जे चित्रात आहे त्याचीच सरासरी काढतात, नवं काही सांगत नाहीत.

आणि एआय अपस्केलिंग?

तिथे गोष्ट बदलते. २०१४ साली हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी अवघ्या ३ थरांचं न्यूरल नेटवर्क या कामाला लावून दाखवलं. त्याला चित्रांच्या जोड्या शिकवतात: एक मोठं स्पष्ट चित्र आणि त्याचंच मुद्दाम लहान केलेलं रूप. लाखो तुकडे बघून नेटवर्क शिकतं की असा धुरकट पट्टा दिसला तर मुळात तिथे बहुधा केस होते, असा करडा डाग असला तर बहुधा पानं होती.

'बहुधा' हा शब्द इथे लक्षात ठेवायचा. नेटवर्क तुमच्या चित्रातलं हरवलेलं परत आणत नाही, कारण हरवलेलं तिथे नसतंच. ते आधी बघितलेल्या दुसऱ्या चित्रांवरून तिथे शोभेल असं काहीतरी रेखतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचं 'पल्स' नावाचं तंत्र चर्चेत आलं. लोकांनी त्याला बराक ओबामांचा पिक्सेल पिक्सेल झालेला फोटो दिला, आणि त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, रेखीव चेहरा बाहेर आला. तो लहान केला तर दिलेल्या फोटोशी जुळत होता. म्हणजे हिशेब चुकला नव्हता. एका धूसर चित्रामागे अनेक स्पष्ट चेहरे असू शकतात, त्यातला एक तंत्राने निवडला.

देवनागरी मजकुरावर हे फार लवकर उघडं पडतं. जुन्या पत्रिकेचा किंवा दुकानाच्या पाटीचा धूसर फोटो अशा ॲपमध्ये टाकून बघा. लांबून अक्षरं सुरेख दिसतात, जवळ गेलात तर त्यातली काही कोणत्याच बाराखडीत नसतात.

सीसीटीव्हीतल्या गाडीची नंबरप्लेट एआयने स्पष्ट करता येईल का?

एका धूसर चित्रातून नाही, आणि कृपा करून तसं करून कुणावर बोट ठेवू नका. ३ आणि ८ यांतला फरक जर २-३ पिक्सेलांत गाडला गेला असेल तर ॲप त्यातला एक आकडा आत्मविश्वासाने रेखेल आणि तो चुकीचा असू शकतो. ज्याची गाडी त्या नंबरची आहे त्याच्या दारात पोलीस उभे राहतील.

एकाच प्लेटची अनेक फ्रेम असतील तर मात्र खरी आशा असते. गाडी हलत असल्याने प्रत्येक फ्रेममध्ये प्लेट पिक्सेलांच्या जाळीवर किंचित वेगळ्या जागी पडते, आणि त्या सगळ्या जुळवल्या तर थोडी खरीखुरी जादा माहिती हाती लागते. म्हणून मूळ रेकॉर्डिंग जपा. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो नव्हे, डीव्हीआरमधली फाइल.

गेममधलं डीएलएसएस, एफएसआर हेही असंच अंदाजपंचे असतं का?

पूर्णपणे नाही. ही ग्राफिक्स चिप कंपन्यांची गेमसाठीची अपस्केलिंगची तंत्रं. एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८ साली आलं. पहिली आवृत्ती बऱ्याच जणांना धूसर वाटली, २०२०च्या दुसऱ्या आवृत्तीने चित्र पालटलं. एएमडीचं एफएसआर २०२१चं, इंटेलचं एक्सईएसएस २०२२चं. ४के पडद्यावर 'परफॉर्मन्स' मोड लावला तर गेम आतून १०८०वर चालतो, 'क्वालिटी' लावला तर १४४०वर, आणि बाकीचं अपस्केलिंग भरून काढतं.

यांच्या नव्या आवृत्त्या मागच्या फ्रेमही वापरतात. गेम दर फ्रेमला नजरेचा बिंदू पिक्सेलच्या आतल्या आत किंचित सरकवतो आणि कोणती वस्तू कुठून कुठे गेली हेही अपस्केलरला सांगतो. वर सीसीटीव्हीत सांगितलेलीच कल्पना, फक्त इथे सगळं नेमकं ठाऊक असतं. त्यामुळे आतलं रिझोल्यूशन लहान असूनही चित्रात खरा तपशील साठत जातो. वेगाने वळलात की बारीक तारा आणि जाळ्यांमागे सावली रेंगाळते, ती याचीच खूण.

'४के सपोर्ट' लिहिलेला प्रोजेक्टर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

'सपोर्ट' आणि 'नेटिव्ह' हे दोन शब्द वेगळे वाचा. '४के सपोर्ट' म्हणजे तो प्रोजेक्टर ४केची फाइल स्वीकारतो, एवढंच. भिंतीवर किती पिक्सेल पडतात ते नेटिव्ह रिझोल्यूशनच्या रकान्यात असतं, आणि अशा जाहिरातीत तो रकाना सहसा तळाशी असतो. नेटिव्ह १२८० बाय ७२० असेल तर ४के चित्रातल्या ९ पिक्सेलांचा १ होऊन भिंतीवर येतो. काही प्रोजेक्टर तर ८०० बाय ४८०चे असतात. रकाना सापडला नाही तर विक्रेत्याला लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

मधली एक जातही आहे. त्यात १९२० बाय १०८०ची चिप असते आणि ती एका फ्रेमच्या वेळात ४ वेळा किंचित सरकून ४ वेगळी चित्रं टाकते. डोळ्याला ती एकत्र दिसतात. ही फसवणूक नाही, तपशील खरोखर वाढतो.

माझा मोबाइल फुल एचडी आहे. यूट्यूबवर १४४० निवडून काही फायदा?

हो, थोडा. यूट्यूब वरच्या रिझोल्यूशनला जास्त बिटरेट देतं, म्हणजे चित्र कमी दाबलेलं असतं. ते लहान करून दाखवलं तरी स्वच्छ दिसतं. डेटा मात्र जास्त जातो.

४के घ्यावा की फुल एचडी पुरे?

हे बैठक किती लांब आहे त्यावर ठरतं. साधारण निरोगी डोळा एका अंशाच्या ६०व्या भागाइतका फरक ओळखू शकतो. त्यावरून हिशेब असा: ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल सुमारे ०.६३ मिलिमीटर असतो, आणि तो साधारण ७ फुटांपलीकडून सुटा दिसत नाही. ४३ इंचीसाठी हेच अंतर सुमारे साडेपाच फूट.

आपल्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये सोफा ते भिंत हे अंतर मोजा. ४३ इंची टीव्ही ९ फुटांवरून बघत असाल तर ४केमुळे मिळणारा जादा तपशील डोळ्यापर्यंत पोचणारच नाही. ५५ इंची ६ फुटांवर असेल तर नक्की पोचेल. त्याच हिशेबाने ८केसाठी ५५ इंची टीव्हीसमोर साधारण साडेतीन फुटांच्या आत बसावं लागेल, तो विचार सोडून द्या. चांगला काळा रंग आणि पुरेसा उजेड देणारा पॅनल हा जादा पिक्सेलांपेक्षा कितीतरी वेळा जास्त समाधान देतो.

टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. कडा कापल्या जातात आणि लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसतात.

कडा कापणं ही पिक्चर ट्यूबच्या काळाची सवय आहे. तेव्हा चित्राच्या कडा ओबडधोबड असत म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायचा. याला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि कित्येक नवे टीव्ही अजून ते करतात. त्यात नेटिव्ह चित्रही विनाकारण ताणलं जातं. मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' अशा नावाचा पर्याय शोधा आणि लावा.

फाटलेल्या लाल अक्षरांचं कारण वेगळं आहे. व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण आणि रंगाची माहिती पावपट ठेवतात, कारण डोळा रंगाच्या बारकाव्याला कमी जाणतो. सिनेमात कळत नाही, काळ्यावरच्या लाल अक्षरात लगेच कळतं. त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून 'पीसी' करा. बऱ्याच टीव्हींमध्ये तेवढ्यानेच पूर्ण रंग सुरू होतो. केबल आणि पोर्टही बघा: एचडीएमआय १.४ वर ४के सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे जात नाही आणि माउस अडखळतो.

लग्नाची व्हीएचएस कॅसेट ४के करून मिळेल असं दुकानदार म्हणतो. करू का?

कॅसेट डिजिटल जरूर करा, आणि लवकर करा. टेप खराब होत जाते, चालणारे प्लेअर दुर्मिळ होत चालले आहेत. '४के'च्या नावाखाली जादा पैसे मात्र देऊ नका. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील साधारण २४० रेषांइतकाच असतो.

दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. एक, डीइंटरलेसिंग आधी करता ना? कॅसेटमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, प्रत्येकात एकाआड एक ओळी. ती नीट सोडवण्याआधी मोठी केली तर हलणाऱ्या हातांना फणीसारखे दाते येतात आणि ते नंतर निघत नाहीत. दोन, चौकट ४:३च ठेवता ना? १०८० उंचीला रुंदी १४४० हवी. १९२०पर्यंत ताणलं की नवरा-नवरी दोघंही बुटकी आणि रुंद होतात, आणि अशा कितीतरी सीड्या घरोघरी आहेत. मोठं न केलेली मूळ फाइलही मागून घ्या.

सिनेमाच्या रिळाची गोष्ट निराळी, ती इथे मिसळू नये. ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये तपशील खरोखर भरलेला असतो. पुण्यात १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी जपलेली निगेटिव्ह ४केमध्ये स्कॅन केली तर जे दिसतं ते आधीपासून तिथेच होतं, फक्त टीव्हीवरच्या जुन्या प्रतीत पोचलं नव्हतं. याला अपस्केलिंग म्हणत नाहीत.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो फ्लेक्सवर मोठा करता येईल का?

बहुतेकांना उलटं वाटतं, पण फ्लेक्सला फार पिक्सेल लागत नाहीत. १० फूट रुंदीचा फ्लेक्स २० फुटांवरून बघायचा असेल तर वरच्याच डोळ्याच्या हिशेबाने सुमारे १७०० पिक्सेल रुंदी पुरते. पण हातात धरून बघायचा ८ बाय १२ इंची फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचा तर २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. म्हणजे १६०० पिक्सेलांचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर शोभेल आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये धूसर वाटेल.

नाव, बोधचिन्ह, मंडळाचा लोगो मात्र कधीही फोटोतून मोठा करू नका. डिझायनरकडून सीडीआर फाइल मागवा. त्यात पिक्सेल नसतात, रेषांचं गणित असतं, ते कितीही मोठं होतं. फोटो मागवतानाही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे दाबला न जाता मूळ रूपात येतो.

आजोबांचा एकच जुना फोटो आहे. एआयने मोठा करून फ्रेम करावा का?

आमच्या घरी हे झालं. ग्रुप फोटोतला आजोबांचा नखाएवढा चेहरा मी ॲपमधून मोठा केला. त्वचा, मिशा, पापण्या, सगळं लख्ख. मला फार आनंद झाला. आत्याने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आहे रे, पण हे डोळे अण्णांचे नाहीत." तिचं बरोबर होतं. त्या नखाएवढ्या चेहऱ्यात डोळ्याला मोजून ४-५ पिक्सेल होते, बाकी सगळं ॲपने आणलं होतं.

म्हणून आधी मूळ फोटो स्कॅन करा, मोबाइलने नव्हे, फ्लॅटबेड स्कॅनरवर, ६०० किंवा १२०० डीपीआयला. छापील फोटोत जेवढं आहे तेवढं सगळं यातून येतं, आणि कित्येकदा एवढ्यानेच मोठ्या फ्रेमची गरज भागते. निगेटिव्ह सापडली तर त्याहून उत्तम. स्कॅनची टिफ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. मग हवं तर एआयची प्रत करा, पण फाइलच्या नावातच 'एआय प्रत' असं लिहा, नाहीतर नातवंडांना पुढे खरा चेहरा कोणता ते कळणार नाही. आणि छापण्याआधी ज्यांनी त्या माणसाला डोळ्यांनी बघितलंय त्यांना दाखवा. आम्ही शेवटी स्कॅनवरून साध्या बायक्यूबिकने थोडा मोठा केलेला फोटोच ५ बाय ७ला छापला. तो किंचित धूसर आहे, आत्याच्या देवघराशेजारी लावलेला आहे.